आजीची कथा आणि आयोवाचे दोन आठवडे

वाचकाचे पत्र

‘आम्ही गेली अठरा वर्षे शिकागोजवळच्या नेपरविलमध्ये राहतो. आमची मुलगी सोळा वर्षांची असून अकरावीत आहे. आयोवा विद्यापीठात दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांसाठी दोन आठवड्यांचे निवासी लेखन शिबिर असते. त्यासाठी तिने हिवाळ्यात स्वतःच अर्ज केला आणि तिची निवडही झाली. पैसे भरायला आता दहा दिवस उरले आहेत. तिच्या बाबांचे म्हणणे असे, की कॉलेजच्या अर्जांपूर्वीचा हा शेवटचा उन्हाळा आहे, तो तिने गणिताच्या किंवा संगणकाच्या शिबिराला द्यावा. माझी काळजी वेगळी आहे. मुलगी अबोल आहे. दहा-बारा अनोळखी मुलांनी तिच्या लेखनाची चिरफाड केली तर ती मिटून जाईल, अशी मला भीती वाटते. आणखी एक गोष्ट मी घरात कोणालाच सांगितलेली नाही. अर्जासोबत पाठवलेली तिची कथा मी तिला न विचारता घरच्या संगणकावर वाचली. ती माझ्या सासूबाईंवर आहे. स्मृतिभ्रंश झाल्यावर शेवटचे चौदा महिने त्या आमच्याकडे होत्या. कथेतली आजी पोळ्या उशीखाली लपवते आणि कथेतली आई ती उशी जमिनीवर आपटून तिच्यावर ओरडते. हे खरोखर घडले होते. पण त्या रात्री मी ओट्याशी उभी राहून किती रडले, ते कथेत कुठेही नाही. आता हे सगळे परक्या मुलांच्या हातात जाणार. तिला पाठवावे का? आणि पाठवायचेच तर ही कथा तिथे नेऊ नकोस, असे सांगावे का?’

– एक आई, नेपरविल

प्रिय ताई,

तिला पाठवा, आणि ही कथा नेऊ नकोस असे सांगू नका. तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत म्हणून उत्तर आधी देऊन टाकले. त्यामागची कारणे आता सविस्तर लिहिते, कारण पैशांचा, कॉलेजचा आणि अबोलपणाचा विषय तुमच्या पत्रात आधी आला असला तरी खरे दुखणे शेवटच्या चार-पाच ओळींत आहे आणि तिथे घाईने हात लावणे बरे नाही.

आधी त्या जागेबद्दल सांगते, म्हणजे आपण मुलीला कुठे पाठवतो आहोत हे तुम्हाला आणि तिच्या बाबांनाही नीट कळेल. आयोवा सिटी हे मक्याच्या शेतांनी वेढलेले, मधून नदी वाहणारे विद्यापीठाचे गाव आहे. १८५७ पर्यंत राज्याची राजधानी तिथे होती आणि त्या जुन्या विधानभवनाचा सोनेरी घुमट आजही विद्यापीठाच्या आवाराच्या मध्यभागी उभा आहे. कथा, कविता, नाटक यांना पदवीच्या प्रबंधाच्या जागी मान्यता द्यायची, असे या विद्यापीठाने १९२२ मध्येच ठरवले आणि १९३६ मध्ये तिथे लेखनाची ती कार्यशाळा सुरू झाली, जिच्या धर्तीवर पुढे अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांनी आपापले लेखनवर्ग उभे केले. १९६७ पासून तिथे जगभरच्या लेखकांना काही महिने बोलावण्याचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालतो, आणि आपले कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये त्याच कार्यक्रमासाठी तिथे गेले होते. म्हणजे मराठी माणसाची वही त्या गावात यापूर्वीही उघडली गेली आहे. २००८ मध्ये युनेस्कोने एडिनबरो आणि मेलबर्ननंतर जगातले तिसरे साहित्यनगर म्हणून या गावाची निवड केली. मुख्य रस्त्याच्या पदपथावर लेखकांची वचने कोरलेल्या कांस्याच्या पाट्या बसवलेल्या आहेत, आणि गावातल्या पुस्तकांच्या दुकानात लेखक येऊन वाचन करतात तेव्हा लोक उभे राहूनही ऐकतात. लिहिणे हे काम आहे आणि मोठी माणसे ते आयुष्यभर मन लावून करतात, हे सोळाव्या वर्षी प्रत्यक्ष पाहायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. तुमच्या मुलीला घरात, शाळेत किंवा मंडळाच्या गणेशोत्सवात हे दृश्य बहुधा दिसलेले नसेल.

इथे एक खुलासा करणे जरूर आहे, कारण याच सदराकडे दरवर्षी याबाबत फसगत झाल्याची पत्रे येतात. उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहे रिकामी असतात आणि बाहेरच्या कंपन्या ती भाड्याने घेऊन शिबिरे भरवतात. माहितीपत्रकावर इमारतीचे छायाचित्र आणि विद्यापीठाचे नाव ठळक असते, ‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे’ असे पत्र न मागता घरी येते, आणि शिकवायला मात्र त्या विद्यापीठाचे कोणी नसते. अशा शिबिरांत मुले मजेत राहतात हे खरे, पण पालक ज्यासाठी पैसे मोजतात ते तिथे नसते. ओळखायचे कसे, तर फी कोणाच्या नावे जमा होते, मुलांची निवड कोण करते, शिकवणाऱ्यांची नावे आधी जाहीर होतात का, आणि अर्जासोबत लेखनाचा नमुना मागितला जातो का, एवढे पाहिले तरी पुरते. तुमच्या मुलीने जिथे अर्ज केला तो ‘आयोवा यंग रायटर्स स्टुडिओ’ विद्यापीठाचा स्वतःचा आहे. तिथे मूल कथा, कविता असा एक अभ्यासक्रम निवडते आणि शिकवायला मुख्यतः त्याच जुन्या कार्यशाळेतून तयार झालेले लेखक असतात. तुमच्या मुलीची निवड तिने लिहिलेली पाने वाचून झाली आहे, आणि त्या पानांविषयीच तुम्ही मला लिहिले आहे. फी जड वाटत असेल तर कार्यालयाला लगेच पत्र लिहून आर्थिक साहाय्याविषयी विचारा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

बाबांच्या मुद्द्याला मी कमी लेखत नाही. परदेशात येऊन संसार उभा केलेल्या माणसाला मुलांचा प्रत्येक उन्हाळा मोजून वापरावासा वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना एवढेच सांगा, की कोणत्याही एका उन्हाळी शिबिरामुळे, मग ते गणिताचे असो वा कथेचे, कॉलेजचा प्रवेश ठरत नाही. त्यांनी सुचवलेले शिबिर मुलीने मनाविरुद्ध पुरे केले, तर अर्जातल्या एका ओळीपलीकडे त्याचा फारसा उपयोग होणार नाही. उलट, अर्जासोबत जो वैयक्तिक निबंध लिहावा लागतो त्याला बहुतेक ठिकाणी ६५० शब्दांची मर्यादा असते, आणि आपल्याच वाक्यांवर दोन आठवडे काट मारायला शिकलेली मुलगी त्या निबंधाला बसेल तेव्हा ती इतरांसारखी गोंधळणार नाही. पण हा फायदा तिच्यासमोर बोलून दाखवू नका. आजीवर लिहिलेली कथा कॉलेजच्या कामी येईल असे आईबापांच्या तोंडून ऐकले, की त्या कथेवरचे तिचे मन उडेल.

आता चिरफाडीच्या भीतीबद्दल. अशा वर्गांची साधारण रीत अशी असते, की ज्याच्या लेखनावर बोलायचे त्याची पाने एक-दोन दिवस आधी सगळ्यांना वाटली जातात. प्रत्येकाने ती वाचून, समासात खुणा करून, शेवटी लेखकाला उद्देशून काही ओळी लिहून आणायच्या असतात. मग दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात आणि अर्धा-पाऊण तास त्या पानांवर बोलतात. जुन्या पद्धतीत या वेळात लेखकाने अजिबात बोलायचे नसते, नुसते ऐकायचे असते. अलीकडे अनेक शिक्षकांना हे सक्तीचे मौन जाचक वाटू लागले आहे, विशेषतः ज्या मुलांच्या घरची भाषा आणि रीतभात बाकीच्यांना ठाऊक नसते त्यांच्या बाबतीत. त्यामुळे काही वर्गांत लेखकच आधी आपले प्रश्न मांडतो आणि चर्चा त्या प्रश्नांवरच चालते. तुमच्या मुलीला जो शिक्षक मिळेल तो कोणती रीत पाळतो, हे तिने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

या मौनाची तुम्हाला भीती वाटते, पण अबोल मुलांना ते कितीदा सोयीचे पडते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका सार्वजनिक वाचनालयात मी आठ वर्षे दर शनिवारी सकाळी तेरा ते अठरा वयाच्या मुलांचा लेखनगट चालवत असे. त्यात एक मुलगा होता, जो पहिले पाच शनिवार स्वेटशर्टची टोपी डोक्यावर ओढून बसला आणि हजेरीपुरताही बोलला नाही. सहाव्या शनिवारी त्याच्या कथेवर बोलायची पाळी आली, तेव्हा टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता. मुलांनी जे म्हणायचे ते म्हटले, सुरुवात लांबली आहे, मधला बसचा प्रसंग नीट कळत नाही, शेवट आवडला. सगळे उठून गेल्यावर तो आपल्या परत आलेल्या प्रती एकेक करून वाचत मागे थांबला. एका मुलीने त्याच्या तिसऱ्या पानावर एका वाक्याशेजारी उभी रेघ ओढून फक्त एवढे लिहिले होते, ‘इथे मी च्युइंगगम चघळायची थांबले.’ ते पान त्याने बाकीच्या गठ्ठ्यातून वेगळे काढले, चार घड्या घालून खिशात ठेवले आणि पुढच्या शनिवारी टोपी मागे सारून आला. शिबिरातून मुलाला खरे काय मिळते असे मला कोणी विचारले, की मला ते घडी घातलेले पान आठवते. घरात आपण कौतुक करतो ते मुलाचे असते. त्याच्याशी नाते नसलेल्या, त्याच्याच वयाच्या माणसाने नेमक्या एका वाक्याशी थांबून दाद देणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आईबापांना, कितीही जीव लावला तरी, देता येत नाही.

बोलणे जमत नाही म्हणून लेखनाचे दार बंद होत नाही, याची एक जुनी आठवण त्याच विद्यापीठातली आहे. १९४५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यातून आलेली फ्लॅनरी ओ’कॉनर नावाची तरुणी कार्यशाळेचे प्रमुख पॉल एंगल यांना भेटायला गेली. तिचे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे हेल त्यांना मुळीच समजेनात, तेव्हा त्यांनी तिला म्हणणे कागदावर लिहून द्यायला सांगितले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. कार्यशाळेत यायची इच्छा तिने त्या कागदावर लिहून दिली. तिचे लेखन वाचल्यावर त्यांनी तिला घेतले आणि पुढे ती अमेरिकेतल्या थोर कथाकारांपैकी एक झाली. तुमच्या मुलीने थोर व्हावे म्हणून मी हे सांगत नाही. त्या जागी गप्प राहणाऱ्या माणसाची पाने वाचली जातात, एवढाच विश्वास तुम्हाला द्यायचा आहे.

वर्गात तिला बोचेल असे काही ऐकावे लागणारच नाही, अशी हमी मात्र मी देणार नाही. विशेषतः कथेत ‘आज्जी’, ‘पोळी’, ‘ओटा’ असे शब्द तिने तसेच ठेवले असतील, तर कोणीतरी त्यांचे अर्थ दे म्हणेल, आणि हे कोण लोक, त्यांच्या घरी आजी का राहते, असेही विचारेल. अशा वेळी वाचक खरोखर वाट चुकला आहे की त्याला फक्त सवय नाही, हे तिला ओळखता यायला हवे. वाट चुकला असेल तर वाक्य सुधारावे. सवय नसेल तर शब्द तसाच राहू द्यावा, म्हणजे वाचक दोन पानांत सरावतो. पोळी कशी असते हे न सांगताही ती उशीखाली लपवणारी म्हातारी बाई कोणत्याही देशातल्या मुलाला कळेल.

आता त्या कथेकडे येते. तुम्ही ती विचारल्याशिवाय वाचलीत, आणि हे घरात कोणालाच ठाऊक नाही. ताई, यावर मी तुम्हाला रागावणार नाही, पण यातले माझे मत माझ्या स्वतःच्या एका अनुभवातून आलेले आहे, म्हणून तो सांगते. मी पंधरा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी होतो आम्ही सगळी भावंडे. घरात एक मावशी होती, जी सासरहून परत आली होती आणि हातातल्या बांगड्या कामाच्या वेळी रुमालाने बांधून ठेवत असे, आवाज होऊ नये म्हणून. त्यावर मी लाल पुठ्ठ्याच्या हिशेबाच्या वहीत दीड पान लिहिले होते. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या हाती ती वही लागली आणि रात्री पंगतीत त्यांनी ते पान मोठ्याने वाचून दाखवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पोरीला लिहिता येते याचे त्यांना अप्रूपच वाटले असावे. पण मावशी अर्ध्या जेवणावरून उठली, आणि मी पुढची नऊ वर्षे शाळा-कॉलेजच्या उत्तरपत्रिकांशिवाय एक ओळ लिहिली नाही. मावशी मला कधीच काही बोलली नाही. तिला ते पान आवडले होते की लागले होते, हे विचारायचे राहूनच गेले.

तुम्ही पंगतीत वाचले नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. तरीही जे वाचले ते सांगून टाका, आणि पैसे भरण्याच्या आधी सांगा. निघण्याच्या आदल्या रात्री किंवा गाडीत सांगितले, तर ती दोन आठवडे तेच मनात घोळवत राहील आणि ज्यासाठी गेली ते बाजूला पडेल. सांगताना लांबण लावू नका. ‘तुझी कथा मी तुला न विचारता संगणकावर वाचली, तसे करायला नको होते, पुन्हा करणार नाही,’ एवढे पुरेसे आहे. त्याला जोडून कथा छान आहे, मला वाईट वाटले, किंवा खरे तर त्या रात्री असे झाले होते, यातले काहीही त्याच बैठकीत बोलू नका. तुम्हाला ते बोलावेसे वाटेल, फार वाटेल. पण माफी मागता मागता आपली बाजू मांडली, तर तिला माफी ऐकूच येणार नाही. ती चिडेल, दार लावून घेईल, कदाचित शिबिरालाच जात नाही म्हणेल. तसे झाले तर एक-दोन दिवस जाऊ द्या आणि पैसे भरायची तारीख तिला आठवण म्हणून एकदाच सांगा. म्हणूनच हे आजउद्या करा, नवव्या दिवशी करू नका.

कथेतल्या आईबद्दल तुम्हाला जे लागले आहे ते मला समजते. चौदा महिने ज्या बाईने सासूचे अंथरूण, औषधे, अंघोळ, रात्रीबेरात्रीचे उठणे सांभाळले, तिच्या वाट्याला कथेत एक आरडाओरड आली. पण थोडे मुलीच्या जागी उभे राहून पाहा. तिने लिहिले ते दारातून दिसलेले आहे. दारातून उशी दिसली, पोळ्या दिसल्या, तुमचा चढलेला आवाज ऐकू आला. रात्री ओट्याशी कोण उभे होते हे तिला दिसले नाही, कारण तेव्हा ती झोपलेली होती. तिने ते गाळलेले नाही, तिच्याजवळ ते कधी नव्हतेच. आणि आजीला लपवाव्या लागलेल्या पोळ्या ज्या मुलीच्या इतकी वर्षे ध्यानात राहिल्या, तिने त्या घरातले दुःख पाहिले नाही असे आपण कसे म्हणावे?

वर्गात हे कसे बोलले जाईल, तेही सांगते. चांगल्या लेखनवर्गाचा एक पाळला जाणारा दंडक असा, की ‘तुझी आई’ असे कोणी म्हणत नाही, ‘कथेतली आई’ असेच म्हणतात, आणि कथा सांगणारी ‘मी’ म्हणजे लिहिणारी मुलगी असेही धरत नाहीत. खरे घडले का, हा प्रश्न बाहेर ठेवला जातो. त्यामुळे टेबलाभोवतीची मुले तुमच्यावर निवाडा देणार नाहीत, तुम्ही त्यांच्यासमोर असणारच नाही. माझा अनुभव असा आहे, की अशी कथा समोर आली की वर्गात कोणीतरी, बहुधा सर्वांत शांत बसलेले मूल, विचारते, ‘या आईला नेमके काय झाले आहे? ती इतकी का चिडली?’ एखादे पात्र नुसते ओरडून निघून गेले तर सोळा वर्षांच्या वाचकांनाही तिथे काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते आणि ते त्या जागी बोट ठेवतात. तुम्ही घरी जे समजावून सांगाल ते तिला आईची सफाई वाटेल. तोच प्रश्न तिच्याच वयाच्या परक्या मुलाने कथेसाठी विचारला तर ती त्यावर दिवसभर विचार करील.

काही मर्यादा मात्र तुम्ही आई म्हणून जरूर घालू शकता, आणि त्या मोकळेपणाने घाला. वर्गात वाचणे वेगळे आणि इंटरनेटवर किंवा स्पर्धेला पाठवून प्रसिद्ध करणे वेगळे. घरच्यांची खरी नावे, गावे, आजाराचे तपशील असलेले लेखन प्रसिद्ध करण्यापूर्वी घरी एकदा बोलायचे, एवढे तिच्याकडून कबूल करून घ्या. हे मागणे रास्त आहे आणि कारण सांगितलेत तर तिलाही ते पटेल. शिवाय एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, तिच्याकडे मी तुमचे लक्ष वेधते. ती आजी तिच्या बाबांची आई होती. शिबिराला विरोध करणाऱ्या माणसाला हे ठाऊकच नाही, की मुलीने अर्जात त्यांच्या आईला नेले आहे. हे तुम्ही त्यांना परस्पर सांगू नका, नाहीतर एकदा झालेली चूक पुन्हा होईल. मुलीशी तुमचे बोलणे झाल्यावर आणि तिचा राग निवल्यावर तिलाच विचारा, बाबांना सांगू का, की तू सांगतेस. ती नको म्हणाली तर तेही पाळा. हो म्हणाली, तर गणिताच्या शिबिराचा विषय कदाचित तुमच्या घरात पुन्हा निघणार नाही.

राहण्याजेवण्याच्या बाबतीत मी थोडक्यातच लिहिते, कारण यातले बहुतेक तुम्हीच चांगले जाणता. वसतिगृहात रात्री मुलांच्या मजल्यावर कोण मोठे माणूस असते, बाहेर जाण्याचे नियम काय, औषधे कोणाकडे ठेवायची, शाकाहारी जेवणाची सोय कशी, हे कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. अल्पवयीन मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसांना, एखाद्या मुलाच्या लेखनातून त्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका दिसला तर तो वरिष्ठांना कळवावा लागतो, याची कल्पना मुलीला असू द्या, म्हणजे तिचा गैरसमज होणार नाही. जाडसर वही, दोन-तीन पेने, एक पातळ पांघरूण (बाहेर दमट उकाडा आणि आत एसीची थंडी अशी तिथली उन्हाळ्याची तऱ्हा आहे), आणि थोडे घरचे खाणे द्या, जे रूममेटलाही देता येईल. फोनचे तिच्याशी आधीच ठरवा, दोन दिवसांनी एकदा, तिने करायचा. रोज रात्री तुम्ही केलात तर ती तिथे नीट रुजणार नाही.

आणण्याच्या दिवशी शक्य असेल तर तुम्ही दोघेही जा. नेपरविलपर्यंत गाडीने तीनेक तासांचा रस्ता आहे आणि वाटेत मिसिसिपीचा पूल लागतो. पुलापर्यंत तरी कथेचे काय झाले, कोण काय म्हणाले, हे विचारू नका. बहुतेक वेळ ती झोपेल, कारण अशा शिबिरांत मुले झोपत नाहीत. कथा तिने पुन्हा लिहिली असेल किंवा नसेल, ती तुम्हाला दाखवील किंवा दाखवणार नाही. पण एखाद्या दिवशी, उन्हाळ्यात किंवा पुढच्या वर्षी, ती स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला विचारील, की त्या दिवशी आज्जीवर ओरडल्यावर तू काय केलेस. तेव्हा हातातले काम बाजूला ठेवा आणि जसे घडले तसे सांगा: दिवा कोणता चालू होता, नळ वाहत होता का, किती वाजले होते, त्या पोळ्यांचे पुढे काय केलेत, आणि जमिनीवरची उशी उचलून सासूबाईंच्या डोक्याखाली पुन्हा कोणी ठेवली.